चादरीच्या कारखान्याची वेबसाइट: महिना भाड्याचा तयार प्लॅटफॉर्म, की स्वतःचं होस्टिंग?

जेकार्ड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, चादरी आणि टर्किश टॉवेलचा. माल मुख्यतः होलसेल जातो: लॉज, दवाखाने, मंगल कार्यालयं, आहेरासाठी गठ्ठ्याने घेणारे. बाबा आणि धाकटा भाऊ कारखाना बघतात, मी पुण्याला नोकरीला आहे.

अलीकडे बाहेरगावचे फोन वाढलेत. "अस्सल सोलापुरी चादर हवी, दोनच हव्यात, पाठवाल का?" चादरीला आणि टेरी टॉवेललाही जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तरी सोलापूरच्या नावावर भलताच माल खपतो. आमचा माग, आमची डिझाइनं, आमचा पत्ता हे सगळं गिऱ्हाइकाला एका जागी दाखवता यावं म्हणून वेबसाइट करायची आहे.

पूर्वी ओळखीतल्या एकाने साइट करून दिली होती. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या खात्यात. त्याने तो धंदाच सोडला, साइट बंद पडली आणि ते नाव आता आम्हाला मिळत नाही. पॅकिंगच्या पिशव्यांवर तेच नाव छापलेलं होतं. बाबांच्या मनाला ते फार लागलं.

आता घरात दोन मतं आहेत. भाऊ म्हणतो, शॉपिफाय किंवा विक्ससारखं तयार घ्यायचं, महिन्याला पैसे भरायचे, डोक्याला ताप नको. मला वाटतं वर्डप्रेस, स्वतःच्या होस्टिंगवर. बाबांची अट एकच, "यावेळी नाव जायला नको." चाळीसेक डिझाइनं, प्रत्येकात तीन-चार मापं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

जुळे_सोलापूरकर

स्वतःच्या होस्टिंगवर म्हणजे कारखान्यातच कॉम्प्युटर चालू ठेवायचा का ताई? आमच्या भागात तर लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

सात_रस्ता

तसं नाही दादा. करता येतं, पण धंद्याच्या साइटसाठी करू नये. लाइटचा प्रश्न आहेच, शिवाय घरच्या किंवा दुकानाच्या इंटरनेटला बऱ्याचदा स्वतंत्र पब्लिक आयपी नसतो, एकच पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. बाहेरच्या माणसाला तुमच्या मशीनपर्यंत पोचताच येत नाही. स्थिर आयपी घेतला तर त्याचे वेगळे पैसे.

इथे स्वतःचं होस्टिंग म्हणजे डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यायची आणि त्यावर सॉफ्टवेअर आपण टाकायचं. सर्व्हर मुंबईतला निवडा. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर पान उघडताना फरक जाणवतो.

आणखी एक गोंधळ आधीच दूर करतो, कारण यात पुष्कळ लोक फसतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची सेवा आहे. तिथे सर्व्हर त्यांचा, नियम त्यांचे. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर, २००३ पासूनचं, जीपीएल या मुक्त परवान्याचं, फुकट. ते कुठल्याही होस्टिंगवर चालतं. जेकार्डताई दुसऱ्याबद्दल बोलतायत. त्यावर दुकान थाटायला वूकॉमर्स हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) असतं, तेही मुळात फुकट.

माझं मत सांगतो: स्वतःचं होस्टिंग घ्या. चाळीस डिझाइनांच्या साइटला साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पुरतं. फक्त पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. तो कित्येकदा दुपटीहून जास्त असतो आणि बारीक अक्षरात लिहिलेला असतो.

शेंगाचटणी

मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझा घरगुती शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा व्यवसाय आहे. पाच बायका काम करतात. मी तयार प्लॅटफॉर्मवर आहे आणि मला त्याचा एक दिवसही पश्चात्ताप नाही.

कारण सांगते. दिवाळीच्या आधी ऑर्डरींची रांग लागते तेव्हा मी चटणी कुटून घेत असते, पॅकिंग बघत असते, कुरिअरवाल्याशी वजनावरून भांडत असते. त्यात साइट पडली तर उठवणार कोण? आमच्या घरात ते काम येणारं कुणी नाही. महिन्याला जे भरते त्यात सर्व्हर, सुरक्षा, अपडेट सगळं त्यांच्याकडे. फोनवर अ‍ॅप आहे, माझी भाचीसुद्धा स्टॉक बदलते.

ताई, तुमच्या चादरी जड. कुरिअरचं गणित आत्ताच करून ठेवा. पार्सल मोठं असलं तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, येईल ते किलोमधलं आकारमानाचं वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. टॉवेल फुगीर असतात, तिथे हे फार लागतं. शॉपिफायमध्ये वजनाप्रमाणे दर लावायची सोय आतच आहे. वूकॉमर्समध्ये मुळात ठरावीक दर आणि मोफत पोच असलं मिळतं, वजनाच्या टप्प्यांसाठी वेगळं प्लगइन घ्यावं लागतं. अशी एकेक गोष्ट जोडत गेलं की फुकटचं फुकट राहत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

दोघांचंही बरोबर आहे, तरी मला हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरावासा वाटतो. सर्व्हर कुणाचा हे नंतर बघू. निघायची वेळ आली तर काय घेऊन निघता येईल, हे आधी विचारा. भाड्याच्या शेडमध्ये माग टाकला तरी डिझाइनची पुठ्ठ्याची कार्डं आपली असतात. शेड बदलली तर ती उचलून दुसरीकडे लावता येतात. वेबसाइटमध्ये अशी आपली काय काय आहेत ते एकदा मोजा.

पहिलं डोमेन. ते तुमच्या फर्मच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर असेल तर प्लॅटफॉर्म कितीही वेळा बदला, पिशवीवरचं नाव तेच राहतं. एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे नेता येतं, त्यासाठी एक कोड मिळतो. डॉट कॉम घेतलं तर नोंदणीनंतर पहिले ६० दिवस साधारणपणे हलवता येत नाही, पुढे अडचण नसते. एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतं. तुमच्या बाबांची भीती निम्म्याहून जास्त इथेच संपते, आणि तिचा तयार प्लॅटफॉर्म की स्वतःचं होस्टिंग याच्याशी संबंध नाही.

दुसरं, मजकूर आणि मालाची यादी. शॉपिफायमधून उत्पादनं, ग्राहक आणि ऑर्डरी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) उतरवता येतात. साइटचं रूप मात्र तिथेच राहतं, ती थीम दुसरीकडे चालत नाही. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे ते स्वतःच सांगतात. म्हणजे निघालात तर पानं नव्याने बांधायची. वर्डप्रेसमध्ये फाइली आणि डेटाबेस दोन्ही तुमच्या हातात, जसंच्या तसं दुसऱ्या सर्व्हरवर उभं करता येतं.

हे मी उगीच घाबरवायला सांगत नाही. जिओसिटीज एकेकाळी केवढं मोठं होतं, याहूने २००९ मध्ये बंद केलं. ऑर्कुट २०१४ ला गेलं. आणि आपल्यासारख्या छोट्या धंद्यांना सगळ्यात जास्त लागलेलं ते मार्च २०२४ चं. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून फुकटात होणाऱ्या एकपानी साइट गूगलने बंद केल्या. काही महिने त्या पत्त्यावरून प्रोफाइलवर पाठवत होते, जूननंतर तेही थांबलं. ज्यांनी तोच पत्ता पाटीवर रंगवला होता त्यांच्या हातात काही उरलं नाही. स्वतःचं डोमेन असलेल्यांनी ते दुसरीकडे वळवलं आणि काम चालू ठेवलं.

पण सात_रस्ता दादा, स्वतःच्या होस्टिंगवाल्यांनाही पूर्ण मोकळीक नसते हेही मान्य करा. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेस डॉट ऑर्ग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचा वाद झाला तेव्हा त्या कंपनीच्या ग्राहकांना डॅशबोर्डवरून प्लगइन अपडेट मिळेनासे झाले होते. डिसेंबरमध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिल्यावर ते सुरळीत झालं. साइट चालू होत्या, डेटा शाबूत होता, पण अपडेटची नाडी दुसऱ्याच्या हातात असते हे सगळ्यांना दिसलं.

सात_रस्ता

मान्य. पण "साइट चालू होत्या, डेटा शाबूत होता" हेच तर मी म्हणतोय.

आता पैशाचं बोलू. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) जोडावा लागतो. मग बेसिक प्लॅनवर प्रत्येक विक्रीवर २ टक्के शॉपिफाय घेतं. गेटवेचे साधारण २ टक्के वेगळे, त्यावर १८ टक्के जीएसटी. महिन्याला एक लाखाची विक्री धरली तर शॉपिफायचे २०००, गेटवेचे २३६०. मासिक भाडं याच्याशिवाय. वूकॉमर्सवर ते पहिले २००० वाचतात. यूपीआयला एमडीआर (दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क) शून्य आहे हे खरं, तरी गेटवे आपलं शुल्क लावू शकतो, तेव्हा करार करताना यूपीआयचा दर वेगळा विचारून घ्या.

चादरीत सुटतं किती, हे सोलापूरकराला सांगायला नको. सुताचा भाव जरा हलला की दोन टक्के म्हणजे निम्मा नफा.

करसल्ला_सोलापूर

थोडक्यात. होस्टिंग, डोमेन, प्लॅटफॉर्म, सगळ्याची बिलं फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांक टाकून घ्या. भारतीय कंपनीच्या बिलावर इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतं. परदेशी कंपनीला क्रमांक दिला की कर रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं. भरायचं राहून गेलं तर पुढे नोटीस येते.

दुसरं, आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांवर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (हप्ता आपोआप कापायच्या परवानगीचे) नियम लागू आहेत. त्यात मँडेट नीट नोंदवलेला नसेल तर परदेशी सेवेचा हप्ता बँक सरळ नाकारते. मेल कुठल्या तरी जुन्या आयडीवर जातो, कुणी बघत नाही आणि दुकान बंद. वर्षाचं एकदम भरा आणि तारीख कारखान्याच्या कॅलेंडरवर लिहा, वीजबिलाच्या शेजारी.

पंढरीची_वाट

मी वारीच्या काळात मुक्काम, पाणी, दवाखाने यांची माहिती देणारी मराठी साइट चालवतो. वर्डप्रेसच आहे, साध्या होस्टिंगवर. मराठीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षक दिलं की पानाचा पत्ताही देवनागरीत तयार होतो. डेटाबेसमध्ये त्या पत्त्याला २०० जागांची मर्यादा आहे. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ जागा खातं. काना-मात्रासुद्धा वेगळं चिन्ह धरा. म्हणजे बावीसेक चिन्हांत पत्ता तुटतो. "लग्नाच्या आहेरासाठी सोलापुरी चादर" लिहाल तर चादर येण्याआधीच संपेल. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो पत्ता पाठवला की कित्येकदा टक्क्यांची लांबलचक माळ दिसते, लोक घाबरून उघडत नाहीत. शीर्षक मराठीत ठेवा, पत्त्याचा भाग हाताने बदलून रोमन अक्षरांत छोटा करा. छापण्याआधी करा, नंतर बदललं तर जुने दुवे सांभाळत बसावं लागतं.

जुनी दरपत्रकं श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर ती साइटवर चालणार नाहीत, युनिकोडमध्ये करून घ्या. आणि डिझाइनची मराठी नावं फोटोतच लिहून टाकू नका. फोटोतली अक्षरं शोधात येतील याचा भरवसा नसतो. "सोलापुरी चादर दवाखान्यासाठी" असं शोधणाऱ्याला तुम्ही सापडायला हवं ना?

जेकार्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. भावालाही हे वाचून दाखवलं. बाबांना डोमेनचा मुद्दा लगेच पटला, नाव आज रात्रीच बघतो.

दोन प्रश्न उरतात. एक, वर्डप्रेस घेतलं तर खरोखर किती देखभाल लागते? मी पुण्यात, भाऊ दिवसभर मागांच्या आवाजात. दोन, हॅक होणं. ओळखीच्या एका शाळेची साइट उघडली की जुगाराच्या जाहिराती येत होत्या.

सात_रस्ता

शाळेच्या साइटचं कारण बहुतेक वेळा यातलंच असतं: जुनं प्लगइन, सोपा पासवर्ड, किंवा क्रॅक केलेली थीम. "हजारोंची प्रीमियम थीम पाचशे रुपयांत" देणाऱ्यांकडून काही घेऊ नका. मागचं दार उघडं ठेवूनच ती विकलेली असते. वर्डप्रेस ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइटवर चालतं, म्हणून बॉटही (आपोआप चालणारे प्रोग्राम) त्याच्याच लॉगिन पानावर दिवसरात्र पासवर्ड मारून बघतात. तुम्ही छोटे आहात म्हणून सोडत नाहीत.

देखभालीचं खरं सांगतो. मुख्य सॉफ्टवेअरचे सुरक्षेचे छोटे अपडेट २०१३ पासून आपोआप होतात. प्लगइनचे आपोआप व्हावेत अशी सोय २०२० पासून आहे, ती चालू करा. प्लगइन जितकी कमी तितकी झोप चांगली. एसएसएल प्रमाणपत्र (पत्त्याआधी https आणणारं) लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, बहुतेक होस्टिंगवाले स्वतः लावून देतात. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर का मागताय ते विचारा. दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. बॅकअप रोज आपोआप निघावा आणि तो होस्टिंगच्या बाहेर जावा, कारण त्याच सर्व्हरवरचा बॅकअप सर्व्हरबरोबरच जातो. महिन्यातून एकदा तो उघडून, परत उभा राहतो का ते बघायचं. बॅकअप आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, उभा करून बघितलेले थोडे.

माहितीच्या साइटला एवढं केलं की महिन्याला एक निवांत संध्याकाळ पुरते आणि ते पुण्यातून होतं. पण वूकॉमर्सचं दुकान लावलंत तर काम वाढतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पेमेंट अडकलं, ऑर्डरचा मेल स्पॅममध्ये गेला, अपडेटनंतर चेकआउटचं पान रुसलं, हे त्याच दिवशी बघावं लागतं. स्वस्त होस्टिंगवरून सुटलेले मेल नीट पोचत नाहीत. मेल आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी लावाव्या लागतात, २०२४ पासून जीमेल याबाबत आणखी कडक झालं आहे.

शेंगाचटणी

म्हणजे दुकानापुरतं तुम्ही माझ्याच बाजूला आलात सात_रस्ता दादा!

ताई, मला एक सांगा. होलसेलवाल्याला कार्ट लागते का? माझ्याकडे हॉटेलवाले येतात ते कधीच बटण दाबून पैसे भरत नाहीत. नमुना मागतात, भाव पाडतात, उधारी मागतात. लॉजवाला दोनशे चादरींची ऑर्डर कार्टमध्ये टाकेल असं मला नाही वाटत. त्याला डिझाइन बघायचं, माप, वजन, धुतल्यावर रंग जातो का ते विचारायचं आणि फोन करायचा. त्याच्यासाठी नीट कॅटलॉग आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण पुरे. कार्ट लागते ती दोन चादरीवाल्याला. ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत, त्यांना एकाच दुकानात कशाला कोंबताय?

हुतात्मा_एक्सप्रेस

हे फार मोलाचं बोललात. आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात काही अवघड नाही. मुख्य डोमेनवर वर्डप्रेसचा कॅटलॉग. त्याच डोमेनच्या आधी "दुकान" असं उपनाव (सबडोमेन) जोडायचं आणि ते डीएनएसमधल्या (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या यादीतल्या) एका नोंदीने तयार प्लॅटफॉर्मकडे वळवायचं. नाव एकच राहतं. उद्या दुकान दुसरीकडे न्यायचं झालं तर तेवढी एक नोंद बदलायची.

अट एवढीच की डीएनएसचं लॉगिन तुमच्याकडे हवं, करून देणाऱ्याकडे नको.

सात_रस्ता

माझा एक आक्षेप. दोन जागा म्हणजे स्टॉक दोन ठिकाणी, भाव दोन ठिकाणी. कॅटलॉगवर एक भाव आणि दुकानात दुसरा दिसला तर गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो.

शेंगाचटणी

कॅटलॉगवर भावच टाकू नका. होलसेलचा भाव नगावर ठरतो. आणि किरकोळला चाळीस डिझाइनं नकोतच. सगळ्यात जास्त उचलली जाणारी आठ-दहा ठेवा, तीही नेहमी गोदामात असतात अशीच. "संपलं" असं लिहिलेलं दुकान कुणाला आवडत नाही.

जेकार्ड

भाऊ, बाबा आणि मी फोनवर बसून ठरवलं ते लिहिते, काही चुकत असेल तर आत्ताच सांगा.

डोमेन फर्मच्या नावावर, ईमेल कारखान्याचा, मोबाइल बाबांचा. पाच वर्षांसाठी घेतोय. रजिस्ट्रार एका कंपनीचा, होस्टिंग दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे एकाशी बिनसलं तरी दुसरं सुटं राहील. कॅटलॉग वर्डप्रेसवर, कार्टशिवाय, मराठी आणि इंग्रजी, पत्ते रोमनमध्ये छोटे. माग चालू असतानाचे फोटो आणि जीआयची माहिती पहिल्याच पानावर. महिन्याची देखभाल माझ्याकडे. किरकोळ दुकान दिवाळीच्या आधी दोन महिने सुरू करू, तयार प्लॅटफॉर्मवर, आठ डिझाइनं, ते पूर्ण भावाकडे. मार्चपर्यंत बघू. दोन टक्के देऊनही परवडलं तर तिथेच ठेवू, विक्री वाढून ते टोचायला लागलं तर वूकॉमर्सचा विचार करू आणि यादी सीएसव्हीने नेऊ.

सगळे पासवर्ड बाबांनी जाड वहीत लिहायचं म्हटलंय आणि ती वही तिजोरीत. हे चालेल का?

सात_रस्ता

तिजोरीतली वही चालेल. पासवर्ड बदलला की वहीतही बदला, आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनचे राखीव कोड त्याच वहीत चिकटवा. बाबांचा फोन हरवला तर तेच कामाला येतात.

पंढरीची_वाट

फोटो साइटवर टाकण्याआधी लहान करा. फोनमधला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, चाळीस डिझाइनांचं पान मोबाइलवर उघडेपर्यंत माणूस निघून जाईल. वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात करा, वर्डप्रेस २०२१ पासून ते सरळ घेतं. मूळ मोठे फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, कॅटलॉग छापायला लागतील.

जुळे_सोलापूरकर

ताई, फोटो दुपारी उन्हात काढू नका, चादरीचा लाल रंग फिका येतो. सकाळी शेडच्या दारात, उत्तरेच्या उजेडात काढा. आमचं गणवेशाचं काम आहे, आम्ही तसेच काढतो. आणि मापाचा अंदाज यावा म्हणून एक फोटो पलंगावर पसरून घ्या, बाहेरगावच्या माणसाला सिंगल आणि डबल नुसतं लिहून कळत नाही.